न रंगलेल्या बी-पेशी

डाव्या हंसळीच्या हाडामागून काढलेली लसिकाग्रंथी आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा अर्जावर एकच प्रश्न होता: कर्करोग मूळचा कुठला? अशा वेळी आम्ही गर्भात अवयव घडवणाऱ्या जनुकांचा माग काढतो. टीटीएफ-१ फुप्फुस आणि थायरॉइड घडवते, सीडीएक्स-२ आतडे, तर पॅक्स-८ मूत्रपिंड, थायरॉइड, गर्भाशय आणि अंडवाहिन्या. पेशी बिघडून मानेपर्यंत पोचली तरी या जनुकांची प्रथिने तिच्या केंद्रकात बहुधा टिकतात आणि त्यांना नेमके चिकटणारे प्रतिपिंड (अँटीबॉडी) लावल्यावर केंद्रक तपकिरी होते, नाहीतर निळेच राहते.

इथे तिन्ही स्लाइड निळ्याच होत्या. कंट्रोलचे, म्हणजे चाचणी चालते का हे पाहण्यासाठी सोबत रंगवलेले, मूत्रपिंड मात्र पॅक्स-८ने सुरेख रंगले होते, म्हणून मी ‘निगेटिव्ह’ लिहायला घेतले. तेवढ्यात आमचे जुने तंत्रज्ञ काका म्हणाले, “मॅडम, यात लिम्फोसाइट्सही रंगलेले नाहीत.”

आमचे पॅक्स-८चे प्रतिपिंड पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण, आहे. ते पॅक्स-५ या भाऊबंद प्रथिनालाही चिकटते आणि ते असलेल्या लसिकाग्रंथीतल्या बी-पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) उगाचच रंगवते. या खोडीला मी वर्षानुवर्षे नावे ठेवत आले आहे. त्या दिवशी बी-पेशींचे पुंजके कडेला ठसठशीत दिसत होते आणि त्यांतली एकही पेशी तपकिरी नव्हती; म्हणजे या तुकड्यात चाचणीच चालली नव्हती. कंट्रोल आमच्याच लाडाने सांभाळलेल्या ब्लॉकमधला (मेणात बसवलेल्या तुकड्यातला) असतो; तो रसायनांची ग्वाही देतो, रुग्णाच्या तुकड्याची नाही.

अर्ज पुन्हा वाचला. गाठ धनत्रयोदशीला काढलेली, आमच्याकडे पोचली भाऊबीजेनंतर. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिनमधली ७२ तासांची मर्यादा केव्हाच उलटली होती; त्यापुढे प्रथिने झाकली जातात आणि प्रतिपिंडाला सापडत नाहीत. पाठवणाऱ्यांना हे कळवले की “फॉर्मलिनमध्येच तर होती ना, मॅडम?” हे उत्तर ठरलेले असते.

काकांनी ३ मायक्रॉनचे नवे सेक्शन कापले आणि झाकलेली प्रथिने उघडी व्हावीत म्हणून पीएच ९च्या बफरमध्ये (द्रावणात) नेहमीच्या २० मिनिटांऐवजी ४० मिनिटे तापवले. या वेळी बी-पेशी रंगल्या आणि त्यांच्या शेजारची कर्कपेशींची केंद्रकेही. पाठोपाठ डब्ल्यूटी-१ ही सीरस कर्करोगाची खूणही पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत अंडाशय निर्दोष दिसले होते, तरी रोग अंडवाहिनी-अंडाशयाचा सीरस कार्सिनोमा निघाला. बाईंना कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल सुरू झाले, बीआरसीए या जनुकांची तपासणीही सांगितली गेली.

तेव्हापासून ‘मूळ स्थान अज्ञात’ म्हणून मीच सही केलेल्या लसिकाग्रंथींच्या जुन्या स्लाइड मी संध्याकाळी काढून बसते आणि आधी बी-पेशी पाहते. काल २०१९च्या ट्रेमध्ये एक सापडली, पूर्ण निळी. तिचा ब्लॉक नातेवाईक तेव्हाच सही करून घेऊन गेले आहेत.