‘नुसता बेल्ट बदलला की झालं ना?’

माळ्यावरून जुनं फोर-ट्रॅक कॅसेट मशीन (एकाच टेपवर चार वेगवेगळे आवाज भरणारं) खाली येतं, दिवे लागतात, मोटर गुणगुणते, पण कॅसेट काही फिरत नाही. मग प्रश्न येतो: ‘घरी होईल ना दुरुस्त? नुसता बेल्ट बदलला की झालं ना?’ हो म्हटलं तर महिन्याभराने तेच मशीन ‘आवाज बसलाय’ म्हणून परत चर्चेला येतं. नाही म्हटलं तर हा माणूस उगाच भाव खातोय असं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. घरी होतं. पण बेल्ट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी प्लग. यातली बरीच मशिनं अमेरिकेतून किंवा जपानमधून सामानात बांधून आलेली असतात. पाठीमागच्या लेबलवर 120 किंवा 100 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 च्या सॉकेटला थेट लावू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. 50 आणि 60 हर्ट्झच्या फरकाने वेग बदलेल ही भीती मात्र सोडा. मोटर डीसी असते.

आता तुमचा लाडका बेल्ट. जुना पॉलियुरेथेनचा बेल्ट तुटत नाही, वितळून डांबर होतो. लाकडी काडीने खरवडा, मग 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड. हातमोजे घाला, नाहीतर चार दिवस नखं काळी राहतील. फ्लायव्हीलच्या, म्हणजे बेल्टने फिरणाऱ्या जड चाकाच्या कडेवर त्याचा एक कण जरी राहिला तरी दर फेरीला नवा बेल्ट तिथे उडतो आणि सूर थरथरतो. मापासाठी पुल्यांवरून दोरा फिरवा आणि त्या लांबीपेक्षा 5 ते 7 टक्के आखूड बेल्ट घ्या. दोरा 250 मि.मी. भरला तर बेल्ट साधारण 235 चा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारताना मॉडेलचं नाव सांगून उपयोग नाही, माप सांगा. जास्त आखूड घेतलात तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो. रबरबँड लावून ‘चाललं!’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्यावर तंबोरा रेकॉर्ड करून ऐकावा.

बेल्ट लागला, कॅसेट फिरली, आणि अर्ध्या तासात टेप गुंडाळून बसली. ‘बेल्ट तर नवा आहे!’ दोष पिंच रोलरचा असतो, म्हणजे टेप दाबून ओढणाऱ्या रबरी चाकाचा. रबर कडक होऊन चकाकायला लागलं की ते टेप सरळ ओढत नाही, एका बाजूला सारतं. 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासलं की काही दिवस निभतं, खरं तर नवाच बसवावा. दुसरं कारण, टेप गुंडाळणाऱ्या चकतीचा जोर कमी पडणं. तो साधारण 40 ते 60 ग्रॅम-सेंमी लागतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. कॅप्स्टनच्या (टेप ओढणाऱ्या धातूच्या दांड्याच्या) बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढंच हलकं तेल. रबरावर गेलं तर पहिल्यापासून पुसत बसा.

‘सगळे कपॅसिटर बदलून टाकू का?’ नको. पॉवर सप्लायच्या प्रत्येक रेषेवर मल्टिमीटरने आधी डीसी मोजा, मग एसी मिलिव्होल्ट. घरघर तिथून येत असेल तर तेवढे बदला, 105 अंश तापमान सोसणारे घ्या. सरसकट शंभर कपॅसिटर काढणाऱ्याच्या हातून दोन-चार ट्रॅक उखडतातच, पीसीबीवरचे. फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खरखरतात ते बहुतेकदा कोकण-मुंबईच्या दमट हवेमुळे. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, गंज सोडवायचा स्प्रे नव्हे.

वेग 3000 हर्ट्झच्या चाचणी कॅसेटवर लावा, मशीन वीस मिनिटं तापल्यावर, कॅसेट मध्यावर असताना. 3030 दिसलं म्हणजे 1 टक्का जास्त. हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा हा जवळपास सहावा हिस्सा झाला. ज्याला कान आहे त्याला तो टोचतो. मशीन फक्त सेकंदाला 9.5 सेंमी वेगाचं असेल आणि चाचणी कॅसेट 4.76 ची, तर 3000 चे 6000 दिसतील. बिघाड नाही तो.

इथपर्यंत कुणीही चिकाटीवर पोचतो. पुढे तो स्क्रू आहे.

टेप ज्याला घासून जाते त्या हेडच्या एका अंगाला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो, त्यावर कारखान्यातला रंगाचा थेंब. हेडच्या फटीचा टेपशी असलेला कोन तो ठरवतो. पूर्वी माझं म्हणणं असं: चौथ्या ट्रॅकवरची झांज मंद वाटतेय ना, मग बाजारातली एखादी चांगली भरलेली कॅसेट लावावी आणि झांज खणखणीत वाजेपर्यंत स्क्रू फिरवावा. थेंब फोडला. पाव फेरी. बाजारातली कॅसेट खरोखरच चमकली. मग त्याच मशीनवर भरलेल्या जुन्या फोर-ट्रॅक कॅसेट लावल्या, आणि एकूण एक घोंगडीखालून वाजल्यासारख्या.

कारण साधं आहे, आणि तेच तेव्हा डोक्यात नव्हतं. या मशिनांत रेकॉर्ड करणारं आणि वाजवणारं हेड एकच असतं. ते वाकडं असलं तर रेकॉर्डिंगही तितकंच वाकडं होतं, आणि त्याच मशीनवर बिनचूक वाजतं. वाकडेपणा कधी दिसतच नाही. ज्या दिवशी हेड सरळ कराल त्या दिवशी आधीचं सगळं भांडार वाकडं ठरतं.

‘मग पाव फेरी उलटी फिरवायची.’ हे ऐकलं की अजूनही चिडचिड होते, कारण हेच केलं होतं. 2 मि.मी. जाडीच्या स्क्रूला दोन आट्यांमधलं अंतर 0.4 मि.मी. पाव फेरीत हेडची ती बाजू 0.1 मि.मी. सरकते. टेकू तिथून सेंटिमीटरभर दूर धरला तर कोन सुमारे अर्ध्या अंशाने बदलतो. 9.5 सेंमी वेगाला 10 किलोहर्ट्झची लहर टेपवर 9.5 मायक्रॉन लांब असते. पहिल्या आणि चौथ्या ट्रॅकमध्ये साधारण 3 मि.मी. अंतर. म्हणजे 0.18 अंशाची चूक झाली की हे दोन ट्रॅक एकमेकांपासून पूर्ण एक लहर सरकतात. अर्धा अंश म्हणजे जवळपास तीन लहरी. आट्यांची ढिलाई आणि स्प्रिंगचा लपंडाव धरला तर ‘पूर्वीच्या जागी’ हातानं परत जाणं अशक्यच. एकट्या ट्रॅकवरसुद्धा अर्ध्या अंशाला 10 किलोहर्ट्झचे 5-7 डेसिबल जातात. वर डीबीएक्स, टेपची सळसळ दाबणारं सर्किट. ते रेकॉर्ड करताना आवाजाचा चढउतार निम्मा करतं आणि वाजवताना दुप्पट, त्यामुळे टेपवरची 1 डेसिबलची चूक बाहेर 2 डेसिबलची होऊन येते. झांजेसारख्या उंच स्वरांनी भरलेल्या ट्रॅकचं काय होत असेल ते आलंच लक्षात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: आम्ही फेडर साफ करत बसलो.

स्क्रूला हात लावण्याआधी दहा मिनिटांचं एक काम होतं. डीबीएक्स बंद ठेवून, चांगल्या सी-60 क्रोम कॅसेटवर, चारही ट्रॅकवर एकाच वेळी 1 आणि 10 किलोहर्ट्झचे सूर भरून ठेवायचे. 10 चा सूर -20 डेसिबलवर, नाहीतर टेप तृप्त होते, आणखी सूर पेलत नाही. एका वेळी दोनच ट्रॅक रेकॉर्ड होत असतील तर 1 आणि 4 एकत्र घ्या, वेगवेगळे भरलेत तर उपयोग शून्य. ही कॅसेट म्हणजे जुन्या कोनाचा साचा. ती हाताशी असेल तर हवं तेव्हा परतीची वाट आहे. सी-90 नको, तिची टेप पातळ असते आणि ताणली जाते.

कोन लावताना पितळी किंवा प्लास्टिकचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. ट्रॅक 1 आणि 4 ऑसिलोस्कोपच्या एक्स आणि वायला जोडा. 1 किलोहर्ट्झपासून सुरुवात करा, तिरकी रेघ आली की 10 वर जा. थेट 10 वर गेलात तर पूर्ण एक लहर चुकूनही रेघ तशीच सुंदर दिसते आणि फसवते. हेड आधी डिमॅग्नेटाइज करा, म्हणजे त्यात साचलेलं चुंबकत्व काढा: मशीन बंद, डिमॅग्नेटायझर दोन फूट लांब असताना चालू, हळू जवळ, हळू लांब, आणि पुन्हा दोन फुटांवरच बंद. हेडपाशी बंद केलात तर हेडच चुंबक होतं.

साचा नसेल तर? जुनीच कॅसेट लावा, डीबीएक्स बंद करा (चालू असताना कान फसतो), आणि चौथ्या ट्रॅकवर उंच स्वर सगळ्यात जास्त कुठे येतात ते आठव्या-आठव्या फेरीने नव्हे, केसभर केसभर शोधा. प्रत्येक ट्रॅकवर वेगळं वाद्य असतं, त्यामुळे लहर जुळवायला काही नसतं. मिळतं ते ‘जवळपास’.

पण मग खरा कोन कुठला? चाचणी कॅसेटचा की जुन्या कॅसेटांचा? पूर्वीचा मी म्हणतो, प्रमाण ते प्रमाण, सगळं आधी संगणकावर उतरवून घे आणि मोकळा हो. चार इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसने उतरवताही येतं. पण अर्धवट राहिलेल्या कॅसेटांवर तिसरा-चौथा ट्रॅक अजून भरायचा असेल तर नवे सूर जुन्याच कोनात भरायला हवेत, नाहीतर एका टेपवर दोन कोन होतात. आणि जुन्या कोनावर राहिलं तर दुसऱ्याची कॅसेट इथे कधीच नीट वाजणार नाही. दोन्ही बाजू मला पटतात, हाच वैताग आहे.

सध्या स्क्रू जुन्या कोनाच्या जवळपास आहे. त्यावर नेलपॉलिशचा थेंब अजून लावलेला नाही.