गुळातली रेड्युसिंग शुगर काढताना: माझा अनुभव

हंगामात संकेश्वर-चिक्कोडी भागातल्या गुऱ्हाळांचा गूळ तपासायचा तर मी लेन-आयनॉन टायट्रेशन करतो, म्हणजे उकळत्या फेलिंग द्रावणात (तांब्याचं निळं द्रावण) गुळाचं द्रावण मोजून सोडत रेड्युसिंग शुगर, म्हणजे तांब्याशी अभिक्रिया करणारी ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर, किती ते काढतो. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं, आणि अशी ढेप पावसाळ्यात पाणी धरते. म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

ढेपेचा वरचा आणि आतला भाग खरवडून एकत्र करतो. त्यातला 5 ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून न्यूट्रल लेड ॲसिटेट या शिशाच्या क्षारानं निवळतो, 250 मिलिलिटर करून गाळतो. बेसिक लेड ॲसिटेट वापरू नका, गाळाबरोबर थोडं फ्रुक्टोजही जातं. गाळलेल्या द्रावणातलं उरलेलं शिसं पोटॅशियम ऑक्झलेटनं काढून पुन्हा गाळतो. रसात घातलेल्या चुन्याचं कॅल्शियमही त्यातच निघतं. शिशाचं पाणी बेसिनमध्ये कधीच नाही, त्याचा कॅन वेगळा.

फेलिंगचे ए आणि बी असे दोन भाग. ए म्हणजे लिटरमध्ये 69.28 ग्रॅम मोरचूद. बी म्हणजे लिटरमध्ये 346 ग्रॅम रोशेल सॉल्ट (सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट) आणि 100 ग्रॅम कॉस्टिक सोडा. दोन्ही 5-5 मिलिलिटर, ऐनवेळी मिसळायचे. मिसळून ठेवलेलं टिकत नाही.

खरी कसोटी पुढे. आधी एक कच्चं टायट्रेशन करून अंदाज घेतो. पक्क्या वेळी अंदाजापेक्षा 1 मिलिलिटर कमी गुळाचं द्रावण फेलिंगमध्ये एकदम सोडतो, बरोबर 2 मिनिटं उकळतो, 1 टक्का मिथिलीन ब्लू या निळ्या दर्शकाचे 3-4 थेंब टाकतो आणि पुढच्या मिनिटभरात निळा रंग जाईपर्यंत थेंबाथेंबानं संपवतो. उकळी मोडू द्यायची नाही. फ्लास्क आचेवरून उचलला की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, गेलेला निळा रंग परत येतो आणि रीडिंग फुगतं. विटकरी गाळात निळी छटा दिसत नाही, म्हणून नजर द्रावणाच्या वरच्या कडेवर, मागे पांढरी टाइल.

10 मिलिलिटर फेलिंगला साधारण 50 मिलिग्रॅम इन्व्हर्ट शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोजचं समान मिश्रण) लागते. म्हणजे 25 मिलिलिटर रीडिंग आलं तर गुळात सुमारे 10 टक्के. नेमका आकडा सुक्रोजनुसार लेन-आयनॉनच्या तक्त्यातून घ्यावा.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. इथं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. म्हणून फेलिंगचा फॅक्टर, म्हणजे 10 मिलिलिटरला नेमकी किती साखर लागते तो आकडा, बाटलीवरचा न घेता 0.2 टक्के इन्व्हर्ट द्रावणानं, त्याच बर्नरवर काढतो. रीडिंग 15 ते 50 मिलिलिटरच्या बाहेर गेलं तर तक्ता चालत नाही; गुळाचं वजन बदलून द्रावण नव्यानं करावं लागतं.