फोटो नसलेलं शिखर

आज कळसूबाईला गेलो होतो. देवळापाशी सेल्फीसाठी ही भली मोठी रांग! मागून कुणीतरी म्हणालं, "फोटो नाही तर कोण विश्वास ठेवणार?" तेव्हापासून लिडिया ब्रॅडी डोक्यातून जात नाहीये.

न्यूझीलंडची ही बाई १४ ऑक्टोबर १९८८ला, वयाच्या २७व्या वर्षी, बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर पोचली. असं करणारी जगातली पहिली स्त्री. पण वर एकटीच, आणि कॅमेरा गोठलेला! त्यात त्या मार्गाचं परमिटही टीमकडे नव्हतं. सोबतच्यांनी परस्पर सांगून टाकलं, ती माथ्यावर गेलीच नाही. (सोबतचे कसले डोंबलाचे!) नेपाळात चढाईवर बंदी येईल म्हणून तिनंही तेव्हा दावा मागे घेतला. मान्यता मिळाली, पण पुढे.

मला जास्त आवडतो तो नंतरचा भाग. ती व्यावसायिक गाईड झाली आणि लोकांना घेऊन पुन्हा एव्हरेस्टवर गेली, या वेळी ऑक्सिजन लावून. स्वतःच्या विक्रमाच्या वेळी फक्त स्वतःला सांभाळायचं होतं. गाईडला मात्र क्लायंट कितीही हट्टाला पेटला तरी वेळेत मागे फिरवावं लागतं. आठ हजार मीटरवर हे कसं जमवत असेल? आमच्या ग्रुपला आज साडेचारला खाली उतरा म्हणून सांगताना माझा घसा बसला.