आमची वाटचाल : कुंडीतली मिरी

पहिल्या वर्षी ‘कुंडीतली मिरी’ म्हणून आम्ही चाळीस रोपं विकली आणि त्यातलं एकही झुडूप झालं नाही. कोथरूडच्या एका काकूंचा फोन आला, “अहो ताई, तुमची मिरी ग्रिल धरून वरच्या मजल्यावर निघाली आहे, आणि दाणा एकही नाही.” तेव्हा पुण्याजवळच्या सोरतापवाडीला भाड्याच्या दहा गुंठ्यांवर आमची रोपवाटिका नुकती उभी राहिली होती. गुलाब, जास्वंद, शेवंती आजूबाजूला सगळ्यांकडेच होती, म्हणून आम्ही मिरी धरली होती.

चूक काडी घेण्यात झाली होती. मिरीच्या वेलाला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक पेरापेराला मुळं सोडून झाडावर चढते किंवा जमिनीवर धावते. दुसरी आडवी फुटते, तिला चढायची मुळं नसतात, आणि घोस तिलाच लागतात. धावत्या फांदीची काडी लावली तर वेलच होणार. फळफांदीची लावली तर रोप आडवं फुटत राहतं आणि कुंडीत बाराही महिने हिरवंगार, चकचकीत झुडूप राहतं. पान चुरगाळलं की बोटांना मिरीचा तिखट वास येतो. आम्ही मात्र भराभर मुळं धरते म्हणून धावतीच काडी लावली होती. ज्यांचा पत्ता मिळाला त्या प्रत्येकाला आम्ही नंतर रोप बदलून दिलं, पण त्याला दोन वर्षं लागली.

कारण फळफांदीची काडी फार हट्टी. पहिल्या खेपेला शंभरातल्या जेमतेम वीस जगल्या. आता वर्षभर जुनी फांदी घेतो, तीन ते पाच पेरांची काडी करतो, शेंड्याचं पान ठेवून बाकीची काढतो. बुडखा आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या 1000 पीपीएम (लिटरला एक ग्रॅम) द्रावणात 45 सेकंद धरतो. मग ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) काडी लावून वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि तोंड घट्ट बांधायचं, म्हणजे आतली ओल आतच राहते. शेडनेटखाली महिना-सव्वा महिन्यात मुळं दिसतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे काम आम्ही करतच नाही. जून ते ऑगस्ट, बस्स. पिशव्या बांधणाऱ्या आमच्या दोन मावशींचा हात इतका बसला आहे की निम्म्याहून जास्त काड्या आता जगतात, आणि हे श्रेय त्यांचंच आहे.

पन्नियूर-1 ही केरळातली जात आम्ही मातृवेल म्हणून, म्हणजे काड्या घेण्यासाठी, ठेवली आहे, घोस लांब येतात. दलदलीत तगणाऱ्या कोलुब्रिनम या दक्षिण अमेरिकी मिरीवर बांधलेली कलमंही करून पाहिली. मूळकुजीला तो खुंट दाद देत नाही, पण त्याला सतत ओल लागते, आणि सुट्टीला गावी जाणाऱ्या माणसाच्या गॅलरीत ते जमत नाही. म्हणून स्वतःच्या मुळांवरचंच रोप देतो: दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत, आणि कुंडीखाली थाळी नको. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याने फायटोफ्थोरा बुरशी आली की पानं काळी पडून आठ-पंधरा दिवसांत झाड बसतं. एका जुलैत आमची साठ रोपं अशीच गेली. तेव्हापासून पाऊस लागण्याआधी मोरचूद आणि चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो आणि रोगट कुंडी मातीसकट बाहेर काढतो.

बुडातून कधी धावता फुटवा आला तर तो लगेच छाटायला सांगतो, नाहीतर सगळा जोर तोच ओढून घेतो.

घोस लागल्याशिवाय रोप गेटाबाहेर जात नाही, हा नियम त्या फोननंतर केला. त्यासाठी प्रत्येक रोप वर्ष-दीड वर्ष सांभाळावं लागतं, किंमत वाढते, ऑनलाइनवर याहून निम्म्या दरात मिळतं असंही ऐकावं लागतं. तरी नियम मोडलेला नाही. काकूंच्या गॅलरीतल्या बदलून दिलेल्या झुडपाला गेल्या हिवाळ्यात वाटीभर दाणे निघाले. त्यातले मूठभर त्यांनी वाळवून आमच्याकडे पाठवले, ते ऑफिसातल्या बरणीत आहेत.