बंदर सिएटलचं, चाव्या डीसीत

आमच्याकडे बंदराची निवडणूक असते. खरंच. किंग काउंटीत, म्हणजे सिएटल आणि आजूबाजूचा सगळा भाग धरून, पोर्ट ऑफ सिएटलचे पाच कमिशनर लोक मत देऊन निवडतात, चार वर्षांसाठी, आणि घराच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात पोर्टच्या नावाची एक छोटी ओळही असते. 1911 मध्ये इथल्या मतदारांनीच हे पोर्ट उभं केलं, तोपर्यंत धक्क्यांवर रेल्वे कंपन्यांचं राज्य होतं. मला मत देता येत नाही (ग्रीन कार्डची रांग, तो विषय काढू नका) पण टॅक्स भरते ना, त्यामुळे तिथे काय चाललंय यावर लक्ष असतं.

आपल्याकडे बरोबर उलटं. मुंबई पोर्ट घ्या नाहीतर न्हावा शेवा, मोठी बंदरं केंद्र सरकारची. वाढवणचंच बघा, 76 हजार कोटींच्या वरचा प्रोजेक्ट, जून 2024 मध्ये दिल्लीच्या कॅबिनेटने मंजूर केला, त्यात 74 टक्के जेएनपीए (न्हावा शेवा चालवणारी केंद्राची संस्था) आणि 26 टक्के महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. डहाणूच्या मच्छीमारांनी कितीही ओरडा केला तरी बंदराचा चेअरमन बदलायला त्यांच्या हातात मत नाही.

मग तुम्ही म्हणाल इथे सगळं गावातच ठरत असेल. छे. हे पोर्ट दरवर्षी एक यादी करतं, पुढच्या वर्षी फेडरल सरकारकडून आम्हाला काय काय पाहिजे त्याची, आणि ती वाचली की कळतं पोर्टच्या हातात काय काय नाहीये. समुद्रातल्या चॅनेलची खोली आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (लष्कराचं इंजिनिअरिंग खातं) बघणार, कंटेनर आणि परदेशातून आलेले प्रवासी कस्टम्सवाले तपासणार, एअरपोर्टची सिक्युरिटी टीएसएची, विमानं कुठून उडणार ते एफएए, म्हणजे विमान वाहतूक खातं सांगणार, टॅरिफ व्हाइट हाउसमधून येणार. पोर्टकडे उरतं काय, तर जमीन, टर्मिनलची भाडेपट्टी आणि सीटॅक एअरपोर्टची इमारत (हो, एअरपोर्टही यांचाच, 2024 मध्ये तिथून 5 कोटींच्या वर प्रवासी गेले). 2022 मध्ये इंटरनॅशनल अरायव्हल्सची नवी कोरी बिल्डिंग उघडली, आता तिथल्या किती खिडक्यांवर ऑफिसर बसवायचे ते मात्र वॉशिंग्टन डीसीतून ठरतं. म्हणून कस्टम्सचे लोक वाढवा ही मागणी ओघाने आलीच.

पण मला या सगळ्यात खरा इंटरेस्ट आहे तो हार्बर मेंटेनन्स टॅक्समध्ये, कारण तो मी रोज ऑफिसमध्ये बघते. मी सिएटलजवळ केंटमध्ये एका इंपोर्टरकडे काम करते. केंट म्हणजे मैलोन्‌मैल गोडाउनं, आपल्या भिवंडीची थोरली बहीण. माल आला की कस्टम्स ब्रोकरकडून 7501 नंबरचा फॉर्म येतो, त्यात ड्युटीबरोबर दोन कोड असतात, 499 आणि 501. 499 ही कस्टम्सची प्रोसेसिंग फी, तिला वरची मर्यादा आहे. 501 म्हणजे हा हार्बर टॅक्स, मालाच्या किमतीच्या 0.125 टक्के, आणि याला मर्यादा बिर्यादा काही नाही. 80,000 डॉलरचा माल असेल तर 100 डॉलर. एका कंटेनरला 100 डॉलर म्हणजे किरकोळ, कबूल, पण वर्षभराचे सगळे कंटेनर धरा आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्ससारखा महाग माल धरा, मग अकाउंट्सवाले कपाळाला हात का लावतात ते कळेल.

हा टॅक्स 1986 पासून आहे. पैसा एका ट्रस्ट फंडात जातो आणि त्यातून आर्मी कोअर देशभरातल्या बंदरांचा गाळ काढतं. आता गंमत अशी की सिएटल आणि टॅकोमा ज्या पाण्यावर आहेत तो प्युजेट साउंड हिमनद्यांनी कोरलेला आहे, मुळातच खोल, इथे गाळ काढायची फारशी वेळच येत नाही. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचचंही तसंच. म्हणजे भरपूर माल आमच्याकडे उतरणार, टॅक्स आम्ही भरणार, आणि तो पैसा कुठल्यातरी नदीच्या मुखातला गाळ उपसायला जाणार. सोसायटीत कसं, दरमहा सिंकिंग फंड सगळ्यांकडून घ्यायचा आणि खर्च करायचा फक्त बी विंगच्या गळक्या टाकीवर, तसा प्रकार. सरकारी भाषेत अशा बंदरांना डोनर पोर्ट म्हणतात, जसं काही आम्ही हौसेने दान करतोय.

बरं, एक्स्पोर्टवर हा टॅक्स नाही. आधी होता, पण इथल्या राज्यघटनेत निर्यातीवर कर लावायला बंदी आहे, एका बुटांच्या कंपनीने केस लढवली आणि 1998 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो भाग उडवला. जमिनीवरच्या सरहद्दीवरून आलेल्या मालावरही नाही. इथेच कॅनडाने डाव साधला. वर ब्रिटिश कोलंबियात प्रिन्स रुपर्ट नावाचं बंदर आहे, उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या बंदरांत आशियाला सगळ्यात जवळचं, 2007 मध्ये तिथे कंटेनर टर्मिनल सुरू झालं. शांघायचा कंटेनर तिथे उतरवा, रेल्वेत टाका, थेट शिकागो. माल अमेरिकेत आला, अमेरिकन गिऱ्हाइकाला मिळाला, पण कोड 501 समोर शून्य. सिएटल आणि टॅकोमा पिढ्यानुपिढ्या एकमेकांचं गिऱ्हाईक पळवत बसले होते, शेवटी 2015 मध्ये शहाणे झाले आणि कंटेनरचा धंदा एकत्र केला, त्यामागे ही धास्तीही होती.

म्हणून यादीत ही मागणी ठरलेली, आम्ही भरलेल्यातलं काहीतरी आम्हाला परत द्या. 2014 च्या कायद्यात डोनर बंदरांसाठी थोडी सोय झाली, 2020 मध्ये आणखी एक कायदा होऊन डोनर आणि एनर्जी ट्रान्सफर (तेल-कोळशासारखा माल हाताळणाऱ्या) बंदरांना फंडातला 12 टक्के वाटा ठरला. झालं का काम? नाही, कारण कायद्यात लिहिलेला पैसा आणि हातात पडणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी, तो दरवर्षीच्या बजेट बिलात बसवून घ्यावा लागतो, म्हणजे दरवर्षी पुन्हा डीसीची वारी. त्यात नशीब एवढंच की सिनेटची खर्चाची कमिटी म्हणजे सिनेटर पॅटी मरे बाईंचं घरचं मैदान आणि त्या आमच्याच राज्याच्या.

माझं मत विचाराल तर पोर्टचं म्हणणं रास्तच आहे. फक्त भाषणात कधीकधी असं बोलतात की हा टॅक्स गेला की रुपर्टचा सगळा माल उद्या सिएटलला धावत येईल. तसं नाहीये हो. 2012 मध्ये फेडरल मेरीटाइम कमिशनने याचा अभ्यास केला, त्यातही हा टॅक्स अनेक कारणांपैकी एक असंच निघालं. समुद्रातले दिवस कमी, रेल्वेचा दर चांगला, बोटीवरून थेट रेल्वेत. आमच्या ऑफिसात रूट ठरवताना 501 चा विषय सगळ्यात शेवटी निघतो, आधी सगळे विचारतात ट्रेन मिळणार कधी.

दुसरी मागणी तुम्ही तुमच्या तिकिटावरच बघू शकता. अमेरिकेतल्या विमानाच्या तिकिटाचा टॅक्सचा तपशील उघडा, त्यात एक्सएफ असा कोड दिसेल आणि पुढे दर एअरपोर्टमागे जास्तीत जास्त 4.50 डॉलर. हा एअरपोर्टचा वाटा, टर्मिनल बांधण्या-सुधारण्यासाठी. काँग्रेसने ही मर्यादा 2000 साली ठरवली आणि तेव्हापासून एक सेंट वाढवलेला नाही. 2000 साली काय भाव होते आठवा जरा! एअरपोर्टवाले म्हणतात वाढवा, एअरलाइन्स म्हणतात तिकिटं महागतील, 2024 च्या एफएए कायद्यातही आकडा जिथल्या तिथे. बॅगेचे डॉलर मात्र त्याच एअरलाइन्स आनंदाने घेतात, असो.

टॅरिफचं तर विचारूच नका, तो यादीतला कायमचा पाहुणा झालाय. पण त्याची एक झळ वाशीच्या मार्केटपर्यंत पोचली होती. इथल्या वॉशिंग्टन राज्यातली सफरचंदं भारतात खूप जायची. 2018 मध्ये ट्रम्पनी स्टील-अल्युमिनियमवर टॅरिफ लावले, उत्तर म्हणून जून 2019 मध्ये भारताने अमेरिकन सफरचंदावर 20 टक्के जादा लावले, एकूण 70. तुर्की आणि इराणच्या सफरचंदांनी जागा पटकावली. सप्टेंबर 2023 मध्ये ते जादा 20 टक्के निघाले, पण एकदा दुसऱ्याच्या मालाची सवय झालेला व्यापारी लगेच परत थोडाच येतो? बागा इथल्या याकिमाच्या, भांडण स्टीलचं, आणि मधल्या मध्ये सिएटलच्या धक्क्यावरचे कंटेनर कमी.

आता क्रूझ. सिएटलहून अलास्काला क्रूझ जातात, आणि भारतातून आई-बाबा आले की इथली निम्मी मराठी मंडळी त्यांना अलास्का दाखवायच्या मागे असतात. ही जहाजं बहामा, पनामा असल्या देशांत रजिस्टर केलेली. 1886 चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी जहाजाने अमेरिकेतून प्रवासी घेऊन फिरून परत अमेरिकेतच यायचं तर मध्ये एका परदेशी बंदराला टेकावंच लागतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी काही तास कॅनडातलं व्हिक्टोरिया. 2021 मध्ये कोविडमुळे कॅनडाने क्रूझसाठी बंदरं बंद केली तर अख्खा सीझन बुडायची वेळ आली, मे महिन्यात काँग्रेसने तात्पुरती सूट दिली तेव्हा कुठे जहाजं सुटली. पोर्टने कितीही छान टर्मिनल बांधलं तरी हा कायदा डीसीतच बदलणार, आणि तो काही इतक्यात बदलत नाही. तेव्हा आई-बाबा भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसावर येणार असतील तर त्यांना कॅनडाचाही व्हिसा लागेल, जहाजातून खाली उतरणार नसाल तरीही. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते पण बघा. हे सगळं बुकिंगच्या आधी, पियर 91 च्या क्रूझ काउंटरवर नाही. कॅनडाच्या व्हिसाला किती वेळ लागेल त्याचा भरवसा नसतो, त्यामुळे जूनची क्रूझ असेल तर डिसेंबर-जानेवारीतच अर्ज टाका.