इश्शिन पडला, आता 'ओव्हररेटेड' यादी पुन्हा तपासायची

पडला! काल रात्री 'सेकिरो' या तलवारबाजीच्या गेममधला शेवटचा बॉस (मोठा शत्रू) इश्शिन पडला. आधी गेनिचिरो हा दुसरा बॉस, मग स्वतः इश्शिनच्या तीन फेज (लढाईचे टप्पे), सगळं एका दमात. त्यामुळे मागच्या अपडेटमध्ये 'सेकिरो'ला माझ्या ओव्हररेटेड (उगाच डोक्यावर घेतलेल्या) गेमच्या यादीत दुसऱ्या नंबरवर टाकलं होतं, ते आधी मागे घेते.

तेव्हाची तक्रार आठवत असेल. तलवार अंगावर येते त्या क्षणी बटण दाबलं तरी डिफ्लेक्ट (अचूक वेळी वार परतवणं) न होता नुसता ब्लॉक व्हायचा आणि माझंच पॉश्चर (तोल ढळत चालल्याचं माप; पूर्ण भरलं की बचाव मोडतो) भरत जायचं. भाल्याच्या फेजमध्ये लाल अक्षर चमकलं की मिकिरी (भोसकायला आलेला भाला पायाखाली दाबणं) की उडी, हे बरोबर ओळखूनही मार बसायचा. घाबरून बटण बडवलं तर डिफ्लेक्टची विंडो (बटण दाबायची मुदत) आणखी आकसते, म्हणजे तोही मार्ग बंद.

तीन आठवडे मी कंट्रोलरवर संशय घेत होते. वायर लावून बघितली, फरक नाही. मागे पॅडल असलेला नवा कंट्रोलर घेतला, तरी तेच. व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद केल्यावर किंचित बरं वाटलं, पण टेअरिंग, म्हणजे चित्र आडवं फाटल्यासारखं दिसणं, सुरू झालं.

शेवटी फोन स्टँडवर लावून २४० एफपीएसवर (सेकंदाला २४० फ्रेम) बोट आणि स्क्रीन एकत्र शूट केलं. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. बटण दाबल्यापासून तलवार हलेपर्यंत ४८ फ्रेम! म्हणजे २०० मिलिसेकंद. मग उलगडा झाला. धूळ पुसताना पीसीची केबल टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लागली होती, आणि माझ्या टीव्हीत गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी सेटिंग) प्रत्येक पोर्टला वेगळा सेव्ह होतो. नव्या पोर्टवर मोशन स्मूदिंग चालू होतं. मधल्या फ्रेम तयार करायला टीव्ही चित्र रोखून धरतो, तोच हा उशीर. गेम मोड लावल्यावर २५ फ्रेम.

त्याच रात्री तिसऱ्या प्रयत्नात जिंकले. शेवटच्या फेजमध्ये त्याची वीज हवेत झेलून, पाय टेकायच्या आत त्याच्यावरच परत फेकली. तो थरथरत थांबला तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. अडलेल्यांसाठी एवढंच: आधी त्याचं रक्त कमी करा, मग त्याचं पॉश्चर सावरायला जास्त वेळ लागतो.

आता यादीचा प्रश्न. 'रेड डेड रिडेम्प्शन २' पहिल्या नंबरवर आहे, कारण त्यातल्या नायकाची, आर्थरची, प्रत्येक हालचाल मला जड वाटली. तोही याच पोर्टवर खेळले होते. मिशनबद्दलचं मत मात्र कायम आहे: एवढं मोकळं जग उभं करायचं आणि मिशनमध्ये जरा वेगळी वाट धरली की 'फेल्ड', हे मला पटत नाही. आवडत्यांत उड्या मारत डोंगर चढायचा 'सेलेस्टे' अढळ. कडा सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारू देणारा त्याचा कोयोटी टाइम आहे, त्याने माझ्या टीव्हीचाही उशीर थोडाफार पोटात घातला असणार.

पुढचा बेत 'हॉलो नाइट' या गेममधल्या पाथ ऑफ पेन या महाअवघड भागाचा होता. पण हे लिहिता लिहिताच सुचलं, की यादीतला प्रत्येक गेम असाच फोनने मोजता येईल. टीव्ही तोच, म्हणजे उरलेला फरक गेमचा. मग पाथ ऑफ पेन थांबू दे. फोन चार्जिंगला लावलाय, पहिलं माप आर्थरच्या पिस्तुलाचं घेणार.