सालाचा आकडा आणि हातातले पैसे

वर्षाचा पगार ठरवायची रीत खान्देशात कंपन्या यायच्या आधीपासून आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, जुनं साल फिटतं, नवं ठरतं. आकडा चारचौघांत बोलला जातो. धान्य किती, उचल किती, हेही तिथंच. उचल म्हणजे घ्यायच्या आधीच खर्च झालेला पगार, बहुतेकदा लग्नात नाहीतर दवाखान्यात. खाडे झाले तर तेही वजा. म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना कुणी पोराचं पॅकेज सांगितलं, तर ते दिपून जात नाहीत. थेट अहिराणीत विचारतात, “हातमा कितला येस?” हातात किती येतात?

भाच्याला पुण्यात सहा लाखांचं पॅकेज मिळालं तेव्हा हाच प्रश्न आला. पोरगं म्हणालं, महिन्याचे पन्नास हजार. मग कागद उघडला. मूळ पगार 25,000. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 3,000, कंपनी भविष्य निर्वाह निधीत भरणार, पण ते याच सहा लाखांतून. ग्रॅच्युइटीचे साधारण 1,200 महिन्याला, तेही यातच धरलेले. ते मिळायचे नोकरी सोडताना, आणि त्यालाही वर्षांची अट. पुढे भाच्याच्या वाट्याचे पीएफचे 3,000 आणि व्यवसाय कराचे 200. (फेब्रुवारीत 300 कापतात, म्हणजे वर्षाचे बरोबर 2,500 भरतात. हा हिशेब ज्याने बसवला, तो आमच्याकडं दिवाणजी म्हणून शोभला असता.) नव्या कररचनेत एवढ्या पगाराला प्राप्तिकर लागत नाही, तरी हातात येतात साडेबेचाळीस हजारांच्या आसपास. “म्हणजे उचल कापीसन,” आजोबा म्हणाले. पीएफ आपलाच असतो हे त्यांना समजावलं. ऐकून घेतलं, पटलेलं दिसलं नाही.

आमच्या गल्लीतला एक जण अमेरिकेत आहे, त्याचा पगार तासावर. तिकडचं गणित सरळ: आठवड्याचे 40 तास, वर्षाचे 52 आठवडे, एकूण 2,080. ताशी 30 डॉलर असतील तर 62,400. तोंडी करायचं तर दर दुप्पट करून पुढं तीन शून्यं द्यायची, साठ हजार. पन्नासच आठवडे धरले की हेच येतं. सोशल सिक्युरिटी (म्हातारपणाची पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणाचा दवाखाना) मिळून 7.65 टक्के आधी जातात, मग केंद्राचा प्राप्तिकर, मग राज्याचा. टेक्सासात राज्याचा नाही, कॅलिफोर्नियात आहे. त्यामुळे तासाचा भाव एकच असूनही दोघांच्या हातात वेगवेगळे पैसे.

हे गणित उलटं करून पाहायचा मोह मला होतो. सालदाराच्या सालाला तासांनी भागायचं, पण तास कुठून मोजायचे? पहाटेच्या वैरणीपासून? विहिरीवरची लाईट रात्रीची असली की बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी भरायला, तो मध्यरात्री शेतात उभा. ते तास कुणी लिहिलेले नसतात. भाच्याचंही तेच. सहा लाखांना 2,080 ने भागलं तर ताशी 288 रुपये. आठवड्याला 48 तास धरले तर 240. रात्री अकराला लॅपटॉप उघडतो, तो तास यात कुठंच नाही. सालावर बांधलेल्या माणसाचा तास असा स्वस्त होत जातो, आणि पॅकेजच्या अभिनंदनात हे कुणी बोलत नाही.

रोजानं जाणाऱ्याचं याच्या उलट. तास ठरलेले, रोज ठरलेला, फक्त रोजाला 365 ने गुणता येत नाही. पावसानं उघडीप दिली की निंदणीला बाया मिळत नाहीत, आणि वैशाखात कामच नसतं.

कापूस वेचणीला तर तासही नाही आणि रोजही नाही, किलोवर पैसे. पहिल्या वेच्याला झाडं पांढरी झालेली असतात, गाठोडं भराभर जड होतं. फरदडीला, म्हणजे हंगाम सरल्यावर राखलेल्या झाडांवरच्या वेचणीला, दिवसभर वाकून निम्मंही भरत नाही, म्हणून भाव वाढवून मागतात, आणि मालक कुरकुरत देतो. दवात वेचलेला कापूस वजनाला जास्त भरतो, हे वेचणाऱ्या बाईला ठाऊक असतं आणि मालकालाही. त्यामुळं तो सकाळी ऊन चढेपर्यंत वेचणी सुरू करू देत नाही, आणि संध्याकाळी काट्यापाशी तिला पाव किलोसाठी भांडावं लागतं.